गौरीहराखालची चिनी तिवई

सकवारबाईंशी माझी ओळख भांडणातून झाली. चेन्नईजवळ पश्चिम तांबरमच्या त्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी कुंड्यांना पाणी घातलं आणि ते खाली अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवर पडलं. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये माफी मागायला जिना उतरले, तर दारातून आवाज आला, "मराठीच नव्हे का तूं? मग मराठींत सांग. तुझं तमिळ ऐकून मिरच्या अजून सडतील."

मी सांगलीची. मराठी म्हणजे आपल्या माहेरची शेती, असं मी तोवर समजत होते. आणि इथे सत्तरी ओलांडलेली, दोन्ही नाकपुड्यांत खडे घातलेली बाई मला मराठीत झापत होती, तेही 'येथें', 'तेथें', 'मज ठाऊक नाहीं' असल्या मराठीत. जुनी बखर अचानक अंगावर खेकसावी तसं झालं. मी चिडले होते, तरी हसू आलं. मग त्यांनी आत बोलावून कॉफी दिली आणि आमचं येणं-जाणं सुरू झालं.

त्या तंजावरच्या. तुमचे लोक तिकडे कधी गेले, असं विचारलं की "राजाबरोबर" एवढंच सांगायच्या, जसे काही परवाच्या गाडीने गेले. वडिलांची बदली झाली तेव्हा परकरातल्या सकवारबाई चेन्नईला आल्या, शिकल्या, टेलिफोन खात्यात ऑपरेटर झाल्या. दिवसभर ह्याचं बोलणं त्याला जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. तुमचं आयुष्यही तसंच गेलं म्हणायचं, असं मी एकदा बोलून गेले. "पुस्तकांतलं बोलूं नको," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक वडा टाकला.

लग्नाचं विचारायला मी काही महिने धीर धरला. माझ्या स्वभावाला तेही फार झालं. "आधीं सेतुमाधवाचं शिक्षण, मग आईचं दुखणं. माझा नंबर आला तेव्हां खिडकी बंद झाली होती." सेतुमाधव म्हणजे धाकटा भाऊ. तो बंगळुरात वारला, त्याची बायको मुलाकडे ऑस्ट्रेलियात गेली. चेन्नईत होती ती तंजावरहून आलेली, एकमेकांत नाती अडकलेली थोडी मराठी घरं. कोणी अण्णा नगरात, कोणी मांबळमला. पण मी राहायला आल्यापासून त्यातलं कोणी खाली आलेलं पाहिलं नव्हतं.

एकटं राहणारी माणसं टीव्ही मोठ्याने लावतात. सकवारबाई फोन उचलायच्या. विमा विकणाऱ्या पोरींशी त्या इतक्या अघळपघळ बोलत की शेवटी त्या पोरीच "मॅडम, मीटिंग आहे" म्हणून सटकत. राँग नंबर लागला तरी गाव कोणतं, जेवण झालं का, इतकी चौकशी झाल्याशिवाय सुटका नसे. बँकेचा यंत्रातला आवाज तमिळसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा म्हणायचा, ते त्या शेवटपर्यंत ऐकत. "इतकं नीट कोण बोलतं आतां," असं वर मलाच सुनवत. मला हसू यायचं आणि मग जिना चढताना यायचं नाही.

त्यांच्या पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी, एक तिवई होती. नाव तिवई, पाय मात्र चार. लाकूड इतकं गर्द की काळंच म्हणा, आणि वजन असं की मी पहिल्यांदा सरकवायला गेले तर माझीच पाठ सरकली. वर गुलाबी संगमरवराची गोल चकती बसवलेली. तिच्याखाली चहूबाजूंनी कोरीवकाम, ढगांत गुंडाळलेले प्राणी. पायही वाकडे होत खाली आलेले आणि प्रत्येकाच्या टोकाला गोळा पकडलेला पंजा. एक खिळा नाही, सगळं लाकडात लाकूड अडकवून केलेलं. चिनी माणसं फुलदाण्या, रांजण ठेवायला असल्या तिवया करत, हे मी फोनवर शोधून त्यांना ऐटीत सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं. आजोबा तुकोजी तंजावरजवळच्या एका बंदरात कारकून होते. मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबाचं सामान विकायला निघालं, त्यात त्यांनी ती घेतली. तिच्यावरचा चिनी रांजण दुसऱ्याच कोणी नेला.

आजीने तिवई पाहिली आणि तिच्यावरच्या प्राण्यांना नाग ठरवून टाकलं. त्यांना मिशा होत्या, पाय होते, पायांना नख्या होत्या. कोणीतरी तसं म्हणालंही. तर आजी म्हणाली, "चीन देशीं नागांस पाय असतात." विषय संपला. नाग शंकराचे, तेव्हा त्यांच्यावर बसायचा मान गौरीचा. पुढे घरात मुलीचं लग्न निघालं आणि गौरीहराला हीच तिवई मांडली. बोहल्यावर जाण्याआधी नवरी एकटी गौरीहरापुढे बसते, अन्नपूर्णेवर चिमूट चिमूट तांदूळ वाहत राहते, ते आपल्याकडेही आहे. इथे ती अन्नपूर्णा चिनी ड्रॅगनवर बसू लागली. पहिल्या मुलीचा संसार चांगला झाला, म्हणून दुसऱ्या घराने तिवई मागितली, मग तिसऱ्याने. ह्या घरांची लग्नं हळूहळू तमिळ वळणाची झाली. काशीयात्रा आली, झोपाळा आला. मराठी म्हणून उरलं ते गौरीहर, आणि गौरीहर म्हटलं की ही तिवई.

आजीने एक नियमही घातला होता. तिवई एकटी जायची नाही. घरची बाई बरोबर हवी, आणि तिने तिवईच्या मागे बसून एक हात लावून ठेवायचा, गौर डळमळू नये म्हणून. आजीनंतर आई बसली, आईनंतर सकवारबाई. किती नवरीमुलींच्या समोर, अगदी हातभर अंतरावर, त्या अशा बसल्या होत्या! कोण मुसमुसत होती, कोण पेंगली, कुणी तांदळाबरोबर स्वतःची अंगठीच वाहिली, सगळं त्यांना पाठ. अण्णा नगरातली कमलिनी तासभर नागाच्या मिशांकडे टक लावून बसली होती, हे तर त्या मला तीनदा तरी सांगून चुकल्या होत्या. "मीच एक समोरच्या बाजूस बसलें नाहीं," एवढंच एकदा म्हणाल्या आणि लगेच उठून गॅस बारीक करायला गेल्या. गॅस पेटलेला नव्हता.

मी एकदा फटकन बोलले, "सकवारबाई, हे लोक तुम्हाला फक्त लग्नालाच कसे बोलावतात? बारसं नाही, वास्तुशांत नाही, नवरात्रातलं हळदीकुंकू नाही!"

"त्यांस तिवई लागत नाहीं ना," त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात.

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. गोड मानून घेतलं होतं, इतकंच. वर्षातून दोन-तीन लग्नं, तेवढ्यापुरतं दारात गाडी येणं, "अक्का, या" म्हणणं, मानाची साडी. त्याच्यावर त्या बाकीचं वर्ष काढत.

मग डिसेंबरात वादळ आलं. सकाळी बघते तो अंगणात पाणी, आणि मी पोहे परतेपर्यंत ते त्यांच्या उंबऱ्याच्या आत. माझ्या नवऱ्याने, मकरंदने, त्यांना जवळजवळ उचलूनच वर आणलं. देव आणले, औषधं आणली. तिवई दोघांनाही हलेना. पाणी उतरलं तेव्हा ती चिखलात गुडघाभर बुडून उभी होती, पण उभी होती. सकवारबाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी ती धुऊन घेतली आणि मकरंदच्या ऑफिसातले चौघे बोलावून गच्चीवर नेववली. त्यांच्या घरात ओलं झालेलं काहीही, सांडगे असोत, गाद्या असोत, गच्चीवर उन्हात जायचं. इथलं ऊन फुकट आहे, त्या म्हणायच्या.

त्या उन्हानेच घात केला. भिजलेलं जुनं लाकूड सावलीत, हळूहळू वाळवायचं असतं, हे आम्हाला सुताराने नंतर सांगितलं. वरून रखरखीत तापलं, आतून ओलं राहिलं. दुपारी वर फट्ट असा आवाज झाला. मला वाटलं नारळ पडला. जाऊन बघते तो एक पाय उभा चिरलेला, चौकट सुटलेली, आणि संगमरवराचे तुकडे. सुतार म्हणाला, "खिळा मारला की आणखी फुटेल अम्मा." सकवारबाई तुकडे पदरात गोळा करून खाली घेऊन गेल्या.

मार्गळी महिना संपून तै लागला की इकडे लग्नांना ऊत येतो. संक्रांत होते न होते तोच अण्णा नगराहून कमलिनीचा फोन. तिच्या मुलीचं, निधीचं लग्न. "अक्का, तिवई घेऊन या हं. तुम्ही नसलात तर कसं होणार!"

"येतें," सकवारबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "सरळ सांगून टाका ना. पुरात मोडली. तुमचा काय दोष? तशाही जा लग्नाला."

"तशी कशी जाऊं? तशी मी त्यांची कोण?"

"नात्यातल्या आहात की."

"अलका," त्या म्हणाल्या, "तिवई मोडली म्हणून एकदां सांगितलं, कीं तो माझा शेवटचा फोन."

मला राग आला. त्यांचा, कमलिनीचा, त्या लाकडाचाही. पण माझा राग कसा, दुधाच्या उतासारखा. खाली बसेपर्यंत मीच म्हणाले होते, चला, दुसरी आणू.

चिनी तिवई बाजारात मिळणार होती थोडीच! तांबरमला स्टेशनच्या बाजूला एका दुकानात सहारनपुरी स्टूल मिळालं. यंत्रावर कोरलेलं, चारी बाजूंना मोर आणि वेलबुट्टी, रंग पिवळट तपकिरी, वजन इतकं हलकं की मी एका हाताने गाडीत टाकलं. घरी येऊन आम्ही दोघींनी त्याला बुटाचं काळं पॉलिश फासलं. आयुष्यात असा उद्योग केला नव्हता. सकवारबाई ब्रश मारता मारता मध्येच थांबायच्या. "आजी असती तर तिनें मज ह्याच ब्रशानें मारलं असतं." शेवटी त्याच्यावर लाल रेशमी कापड टाकायचं ठरलं. कोणी विचारलं तर म्हणायचं, पुराच्या पाण्याचा विटाळ झाला, म्हणून झाकली.

लग्नाच्या सकाळी गाडीत त्या तिवईवर हात ठेवून बसल्या होत्या. निम्म्या वाटेवर म्हणाल्या, "कमलिनी ओळखेल. ती तासभर बघत बसली होती."

"कापड आहे ना वर!"

"कापडावरून पण ओळखेल," त्या म्हणाल्या. भीती होतीच त्यांच्या आवाजात. पण आणखीही काही होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मंडपाच्या दारात कमलिनी आली, तिने तिवईला कुंकू लावलं, आरती ओवाळली. सगळं कसं झोकात. सकवारबाई नेहमीप्रमाणे तिवईमागे बसल्या, कापडावरून हात लावून. समोर निधी, पिवळ्या साडीत. ती सॉफ्टवेअरमध्ये, मराठी तिला कळते पण बोलायची वेळ आली की तमिळ येते. "इन्नुम् एव्वळवु नेरम्?" असं ती दर दोन चिमटींनंतर आईला विचारत होती. अजून किती वेळ? मी भिंतीला टेकून उभी. पॉलिशचा वास येत होता, पण मोगऱ्याने सांभाळून घेतलं.

आणि तेवढ्यात तो फोटोग्राफर आला. नवरी चांगली, अन्नपूर्णा चांगली, पण मध्ये हे लाल कापड काय? त्याला 'ट्रॅडिशनल लुक' हवा होता. सकवारबाई "नको, नको" म्हणेपर्यंत त्याने कापड खालून ओढून घेतलं. अन्नपूर्णा जरा हलली, आणि सहारनपूरचे मोर सगळ्यांसमोर उघडे पडले. सकवारबाईंनी डोळे मिटून घेतले होते. तिवईवरचा हात मात्र काढला नव्हता.

जवळपास दहा-बारा बायका होत्या. त्यातल्या अर्ध्याअधिक स्वतःच्या लग्नात ह्याच जागी बसलेल्या. मग कमलिनी पुढे आली, खाली वाकली. सकवारबाईंनी डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. कमलिनीने मोराच्या मानेवरून बोट फिरवलं आणि लेकीला म्हणाली, "बघ निधी, हाच तो नाग. माझ्या लग्नांत सगळा वेळ मी ह्याच्याकडेच बघत बसलें होतें."

"सो क्यूट," निधी म्हणाली.

फोटो निघाले. एका मावशीने मोराला नमस्कारही केला.

सुटलो! परतीच्या वाटेवर माझी अशी कळी खुलली होती की काही विचारू नका. मीनंबाक्कमच्या सिग्नलला मी एकटीच हसत होते. "नाग म्हणे! पिसारा फुलवलेला नाग! सकवारबाई, तुम्ही उगाच घाबरलात." त्यांनी मानाची साडी आणि नारळाची पिशवी मांडीवर धरली होती. मान खाली. जेवणातही त्यांनी फक्त ताक-भात खाल्ला होता. मी हसणं थांबवलं. क्रोमपेट मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "तिच्या लग्नांत मी समोरच होतें, अलका. ती खरंच बघत होती. मिशा बघत होती. मी पाहिलंय."

दोन दिवस त्यांचं दार लावलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या वर माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "कमलिनीस फोन लाव. मज तिला सांगायचं आहे."

मी पुष्कळ समजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडता? कोणाला कळलं नाही, कोणाचं बिघडलं नाही, आणि तुमचं बोलावणंही शाबूत. पण म्हातारी हटून बसली. मी फोन लावून स्पीकर सुरू केला. त्या पदर नीट करून ताठ उभ्या राहिल्या, ड्यूटीवर राहत असतील तशा.

"कमलिनी, ऐक. लग्नांत आणली ती तिवई आपली नव्हे. आपली पुरांत भिजली, मोडली. मी बाजारांतून दुसरी आणली, काळी केली आणि तुम्हां सर्वांस फसवलं. निधीच्या गौरीखालीं खोटी तिवई होती. ही माझी चूक आहे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आता ती काय काय बोलेल, अपशकुन म्हणेल, पोरीच्या संसाराचं नाव काढेल, ह्याची उत्तरं मी मनात जुळवूनही ठेवली होती.

"अय्यो अक्का!" कमलिनी म्हणाली. "त्यासाठीं फोन केला काय? परवाइल्लै. त्यांत काय एवढं? फोटोंत काय छान आली आहे ती. हो, आणि पंगुनी महिन्यांत राघोत्तमाच्या मुलीचं आहे, तेव्हां हीच आणा. हलकी पण आहे ना?"

"आहे," सकवारबाई म्हणाल्या. मग फोनजवळ सरकून, "तुला ओळखूं आलं नाहीं, कमलिनी? त्यावर नाग नव्हते. मोर होते."

"होय का? लक्ष नाहीं गेलं हो. बरं, ठेवतें, निधीचा व्हिडिओ कॉल येतो आहे. पंगुनीत या हं नक्की."

फोन बंद झाला. मी म्हणाले, "बघा, बोलावणं पक्कं झालं. आणखी काय हवं?" म्हणाले आणि जीभ चावली. त्या ओट्याला धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ह्या बाईला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिवई फुटली तेव्हाही नाही. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. त्या अजून फोनकडेच बघत होत्या.

"रागावली पण नाहीं गं ती," त्या म्हणाल्या.